एक वाटी कमी

६ ऑक्टोबर

मिस्त्रींना काजळ्याचा नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुमचं मागचं पत्र येऊन दोन वर्षं होतील. रोज म्हणायचो, आज लिहू. कधी चष्मा सापडायचा नाही, कधी पेन, आणि दोन्ही सापडली की काय लिहायचं तेच सुचायचं नाही. फोन केला असता, पण मागल्या वेळी तुम्ही मला वीजबिलवाला समजून पाव तास भांडलात. तुमच्या कानांपेक्षा तुमचे डोळे बरे, म्हणून पत्रच बरं.

मी लेकीकडे राहतो हे तुम्हाला माहीत आहे. तिसरा मजला. माझी खाट बाल्कनीच्या दाराशी आहे. लेक जीव लावते, जावई सज्जन आहे, तरी दिवसभर वाटतं की आपण कुणाच्या तरी वाटेत बसलोय. खुर्ची सरकवायची झाली तरी विचारून सरकवतो.

आता मुद्दा. वर्षाअखेरच्या सुट्टीत जावयाकडची सगळी माणसं इथे जमणार आहेत, चौदा जण. परवा विहीणबाई आल्या होत्या. बोलता बोलता आपल्या बेकरीचा विषय निघाला. त्या म्हणाल्या, "तुमच्या बेकरीचा तो इंग्रजी काळा केक काय असायचा! मनुकांनी गच्च भरलेला. आम्ही सुट्टीच्या आधी रांग लावायचो." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पण तुम्ही तिथं नुसती लाकडं घालायचात ना?" सगळे हसले. लेकसुद्धा हसली. मला काय झालं कोण जाणे, मी बोलून बसलो, की यंदा तो केक मी करून दाखवतो.

आता झोप उडाली आहे. तीस वर्षं मी तो भाजला, पण त्यात काय किती पडतं ते मला ठाऊक नाही. कालवणं तुमचं, भाजणं माझं. दोन साच्यांपुरतं माप लिहून पाठवा. जमलं नाही तर या घरात मला मान वर करून बसता येणार नाही. फार लिहीत नाही.

तुमचा,
काजळ्या


१९ ऑक्टोबर

काजळ्या,

जिवंत आहेस म्हणायचा! मला वाटलं, भट्टीतच शिरलास.

तुझी विहीण खरं तेच बोलली. लाकडंच घालायचास. पण ती लाकडं दुसऱ्या कुणाला घालता आली नाहीत, हेही तिला सांगायचं होतंस. तोंडात काय मूग होते?

माप लिहून घे. वाटी म्हणजे चहाचा मोठा कप धर. मैदा चार वाट्या. लोणी दोन. तपकिरी साखर दोन. अंडी दहा. मनुका, बेदाणे, चेरी, पाकातली संत्र्याची साल, सगळं मिळून बारा वाट्या. मूठभर बदाम. दालचिनी, जायफळ आणि लवंग नाकाला विचारून. मेवा तीन आठवडे रममध्ये भिजला पाहिजे, आजच भिजत घाल. आणि दुप्पट भिजत घाल, कारण पहिला घाणा हात बसण्यातच जातो. लोणी आणि साखर पांढरी होईपर्यंत फेस, अंडं एकेक घाल, मैदा शेवटी. साच्याला आतून-बाहेरून खाकी कागद. भाजायचं तुला काय सांगू? दोन तास.

मी मजेत आहे. इथं मुलाच्या घरी स्वयंपाकघर माझ्याच ताब्यात आहे. सून विचारल्याशिवाय ओव्हन लावत नाही. दर रविवारी काही ना काही भाजतो. आळीतली माणसं वासानं येऊन उभी राहतात.

कळव कसा झाला ते. माझं नाव घालवू नकोस.

मिस्त्री


१४ नोव्हेंबर

मिस्त्रींना नमस्कार.

घात झाला. मला काही कळेनासं झालंय, म्हणून लगेच लिहितोय.

रम आणायची म्हणजे जावयाला सांगणं आलं. सासऱ्यानं जावयाला दारू आणायला सांगायची, शरमेनं मेलो. तो बिचारा तीन बाटल्या घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, केकसाठीच ना?" मेवा तीन आठवडे भिजवला. रोज बरणी हलवली. काल केक केला. भाजण्यात चूक नाही, ते माझ्यावर सोडा. लेकीच्या ओव्हनला काचेचं दार आहे आणि आकड्यांची चकती. हात आत घालून आच मोजायला गेलो तर लेक किंचाळली. मग पत्र्यावर चिमूटभर मैदा टाकून तो तांबूस व्हायला किती वेळ लागतो ते मोजलं, चकती फिरवली, पुन्हा मोजलं. तीन दिवस तेच केलं तेव्हा आपल्या भट्टीची आच सापडली.

तरी केक साच्यातून काढला आणि ढासळला. नुसता मनुकांचा ढीग, मध्ये अंड्याचे पिवळे पापुद्रे. लेक म्हणाली, "बाबा, हे ऑम्लेट आहे का?" विहीणबाईंना कुणी सांगितलं देव जाणे, त्यांचा निरोप आला की केक विकत आणायचा का.

मिस्त्री, राग मानू नका, पण एक विचारतो. बेकरीत तुम्ही माप ओरडायचात, "मैदा एकवीस!" आणि घालायचात वीस. लोणी अकरा म्हणायचात, घालायचात दहा. शेजारच्या बेकरीची माणसं खिडकीशी कान लावून असायची, त्यांना चकवायला. कुणालाच कळायचं नाही. पण मी भट्टीपुढच्या खड्ड्यात उभा असायचो, माझे डोळे तुमच्या टेबलाच्या खालच्या फळीच्या बरोबरीला यायचे. भरलेली एक वाटी गुपचूप पोत्यात परत जायची, ती मला रोज दिसायची. मी कधी कुणाला बोललो नाही.

म्हणून तुमचं पत्र आलं तेव्हा मी सगळ्यातलं एक एक कमी केलं. मैदा तीन वाट्या, लोणी एक, साखर एक, अंडी नऊ, मेवा अकरा. तरी चुकलं. म्हणजे आता तुम्ही एक वाढवून सांगता की दोन? मी किती कमी करायचं? का कमी करायचंच नाही? मला तरी खरं सांगा. अर्धा मेवा अजून बरणीत आहे, पण तो एकदाच वापरता येईल.

काजळ्या


२२ नोव्हेंबर

काजळ्या, महागाढवा,

पत्र वाचून आधी हसलो, मग संतापलो, मग जेवलो नाही.

तीस वर्षं तू ती वाटी बघत होतास? आणि गप्प राहिलास? मला वाटायचं ते माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. मालकालासुद्धा मी सांगितलं नव्हतं. आणि मी तुला खोटं माप पाठवीन असं तुला वाटलं कसं? मी काय शेजारच्या बेकरीला पत्र लिहीत होतो? दोन वाट्या लोण्यातली एक काढलीस तर उरतं काय? जरा डोकं वापरायचं होतंस!

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. पण केलं नाही, दोन दिवस उशाशी ठेवलं. तुझ्या प्रश्नानं डोक्यात भुंगा सोडलाय. मी तुला आकडे लिहिले ते तोंडाला आले तसे लिहिले. पण तोंडाला कुठले येतात रे? तीस वर्षं रोज पहाटे मी जे ओरडलो ते खोटे आकडे. खरे आकडे मी कधी उच्चारलेच नाहीत, ते हातानं घातले. मग चार, दोन, दोन हे ओरडायचे की घालायचे? बसून आठवायला गेलो तर दोन्ही खरे वाटतात. काल तर तीन-तीन असंही वाटलं. जगाला चकवता चकवता मीच चकलो की काय!

आणखी एक. मागच्या पत्रात मी शेखी मिरवली. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात नाही. सहा वर्षांपूर्वी गॅस उघडा ठेवून झोपलो होतो. घरात लहान बाळ होतं तेव्हा. मुलगा स्वयंपाकघराच्या दाराला कडी लावायला लागला. तेव्हापासून मी मैद्याला हात लावलेला नाही. रविवारी काही भाजत नाही. आळीतलं कुणी येत नाही.

तोंडाचा भरवसा नाही, पण हाताचा असेल. काही तरी करतो. तोवर बरणीला हात लावू नकोस.

मिस्त्री


२९ नोव्हेंबर

काकांना नमस्कार.

मी मिस्त्रींची सून. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण गेला आठवडाभर आमच्या घरात तुमच्याशिवाय दुसरा विषय नाही, म्हणून ओळखीचे वाटता.

सोमवारी मी कामावरून लवकर आले तर मामंजी स्वयंपाकघराच्या बंद दारापुढे उभे. कडीला हात लावलेला नव्हता. म्हणाले, "सूनबाई, मला उघडता येतं, पण मी उघडणार नाही. तू उघड आणि माझ्याजवळ उभी राहा." मला कसंतरीच झालं. सहा वर्षांत त्यांनी एकदाही मागितलं नव्हतं.

मग आम्ही असं केलं. मी मोठं पातेलं ठेवलं, बाजूला मैद्याचा डबा आणि कप. ते म्हणाले, "मला मोजायला लावू नकोस, माझ्याशी दुसरं काही तरी बोल." मी माझ्या कामावरच्या साहेबाच्या तक्रारी सांगत राहिले आणि ते हातानं घालत राहिले. आपोआप थांबले. मी वजन केलं. मैदा पाचशे पाच ग्रॅम. लोणी चारशे चाळीस. साखर चारशे दहा. दहा अंडी फोडून हात थांबला. मेवा एक किलो आठशे. मग मी कपानं मोजून पाहिलं. चार, दोन, दोन, बारा. काका, त्यांनी तुम्हाला पहिल्यांदा लिहिलं तेच खरं होतं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघ!" आणि चष्मा पुसत बसले.

पण पुढे फजिती झाली. मी नेहमीसारखा एकशे ऐंशीवर ओव्हन लावला. ते म्हणाले दोन तास. दोन तासांनी केक वरून कोळसा आणि आतून चिखल. तेव्हापासून रुसून बसलेत. म्हणतात, "माप बरोबर, मग बिघडवलं कुणी? काजळ्यानं काही तरी लपवलंय." मी म्हटलं, अहो ते शेकडो मैलांवर आहेत. तर म्हणाले, "तुला नाही कळायचं."

खरंच काही आहे का? तुमच्या आचेचं आणि वेळेचं मला नीट लिहून पाठवा. मेवा आणलेला आहे आणि आता कडीही काढून टाकली आहे, माझ्या यजमानांनीच काढली.

मिस्त्रींची सून


८ डिसेंबर

मिस्त्रींना आणि सूनबाईंना नमस्कार.

सूनबाई, तुमचे उपकार कसे फेडू. तुमच्या आकड्यांनी चार तारखेला केक केला. एकही वाटी कमी केली नाही. दोन्ही केक साच्यातून अख्खे निघाले. काळेभोर, जड, वर एक भेग नाही. लेक शेजारी येऊन उभी राहिली आणि वास घेत राहिली.

आता मिस्त्रींना. तुमचा संशय खरा आहे. मी लपवलं.

तुम्ही दोन तास म्हणायचात आणि पाठ टेकायला जायचात. तो केक दोन तासांत कधीच भाजला नाही. पहिल्या वर्षी मी तुमचं ऐकलं होतं, तेव्हा आत कच्चा निघाला. त्यानंतर तुम्ही गेलात की मी निखारे बाजूला ओढायचो, दाराला ओलं पोतं लावायचो, केकवर दुहेरी कागद घालायचो आणि चार तास ठेवायचो. तुम्ही उठायचात तेव्हा केक बाहेर असायचा. घड्याळ बघायची तुम्हाला सवय नव्हती. मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, लाकडं घालणारा मला शिकवतो! म्हणून बोललो नाही. मग इतकी वर्षं गेली की बोलणं अवघड झालं.

सूनबाई, चकती एकशे पंचेचाळीसवर ठेवा. दीड तासानं वर कागद घाला. चार तास. शेवटी विणायची सुई मधोमध खुपसा, कोरडी निघाली की झालं. थंड झाल्यावर दाभणानं भोकं पाडून दर आठवड्याला दोन चमचे रम पाजा.

मिस्त्री, अजून एक आहे. हे लिहू की नको ते ठरत नव्हतं, दोन कागद फाडले. त्या दिवशी विहीणबाई हसल्या तेव्हा मी नुसतं "करून दाखवतो" म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "तो केक माझाच होता. मिस्त्री नुसता पीठ कालवायचा." चौघांसमोर म्हटलं. तुमचं नाव घेऊन म्हटलं. तुम्ही मला विचारलंत ना, तोंडात मूग होते का. मूग असते तर बरं झालं असतं.

तुम्ही कडी लावलेल्या दारापुढे उभे राहिलात, ते माझ्यासाठी. हे वाचल्यापासून मला घास गोड लागत नाही. दोन केकपैकी एक तुम्हाला पार्सलनं पाठवतो आहे. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही.

काजळ्या


३० डिसेंबर

मिस्त्रींना काजळ्याचा नमस्कार.

तीन आठवडे झाले, तुमचा कागद नाही. पार्सल पोचल्याची सही आली आहे. मनात नाही नाही ते येऊ लागलं, म्हणून लेकीनं तुमच्या घरी फोन लावून दिला. सूनबाईंनी उचलला. म्हणाल्या, "मामंजींची तब्येत ठणठणीत आहे काका. केक टेबलावर ठेवलाय, कापू देत नाहीत. तुमच्या पत्राचं विचारलं की भिंतीकडे तोंड करतात." तब्येत बरी आहे हे ऐकून जीव भांड्यात पडला आणि मग लगेच पुन्हा बाहेर आला. तुम्ही ओरडला असतात तर मला कळलं असतं. तुमचं गप्प राहणं मी कधी पाहिलेलंच नाही. त्याचा अर्थ कसा लावायचा? रागावलात म्हणावं, तर केक फेकून का दिला नाही? राग नाही म्हणावं, तर कापत का नाही?

इथं काय झालं ते सांगतो. सव्वीस तारखेला सगळे जमले. दोन टेबलं जोडली होती. शेवटी केक आणला आणि सुरी विहीणबाईंच्या हातात दिली. त्यांनी पहिला तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले. म्हणाल्या, "हाच! अगदी हाच! व्याही, मानलं तुम्हाला. तुमचाच की हा केक."

सगळे माझ्याकडे बघत होते. हेच मला हवं होतं, ऑक्टोबरपासून याच्यासाठी जीव टाकला होता. आणि नेमकं तेव्हा ते ऐकवेना. उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, ती कुणी तरी उचलली. मी म्हटलं, "नाही. हा मिस्त्रींचा. मी लाकडं घालायचो."

"अहो, पण त्या दिवशी तर तुम्ही म्हणालात—"

"त्या दिवशी खोटं बोललो."

जावई उगाच खोकला. लेक खाली बघत होती. मला वाटलं, आता ही सगळी माणसं उठतील. विहीणबाईंनी बशी पुढे केली आणि म्हणाल्या, "मला अजून एक तुकडा वाढा. आणि बसा हो. लाकडं घालून असा केक होत असेल तर आमच्या ह्यांना पण घालायला लावते." त्यांचे यजमान म्हणाले, "मला आधी भट्टी दाखव, मग घालतो." सगळे पुन्हा खायला लागले. मग त्यांनी मला मिस्त्री कोण, कसे, सगळं विचारलं. मी सांगितलं, पोत्यात परत जाणाऱ्या वाटीसकट. तुमचं गुपित फोडलं, त्याचीही माफी मागतो. पण ते सांगताना तुमचं नाव चौदा जणांनी ऐकलं, आणि नीट ऐकलं.

रात्री लेकीनं माझी खाट बाल्कनीच्या दारापासून हलवून आतल्या खोलीत लावली. म्हणाली, "बाबा, तिथं वारा लागतो, हे मला आधी कळायला हवं होतं."

आता शेवटचं. बेकरीत पहिला तुकडा तुमचा असायचा. तुम्ही चावून मान हलवल्याशिवाय कुणी खायचं नाही, मालकसुद्धा नाही. इथं चौदा माणसांनी खाल्ला, पण मी अजून चाखलेला नाही. माझा तुकडा कागदात गुंडाळून डब्यात ठेवलाय. लेक रोज विचारते, मी आज नको म्हणतो. तुमच्या टेबलावरचा केक कापा. चांगला झाला असेल तर तसं लिहा, बिघडला असेल तर शिव्या लिहा, मला माफ करायचं नसेल तर तेही लिहा, पण भिंतीला सांगू नका, मला सांगा. केक टिकाऊ आहे, वर्षभर राहील. माझा धीर तेवढा टिकाऊ नाही. मिस्त्री, दोन ओळी तरी लवकर पाठवा.

तुमचा,
काजळ्या